तळ्यातील मासा जिवाणूंशी कसा लढतो?

गोड्या पाण्यात मत्स्यशेती करणाऱ्या शेतकऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. कटला, रोहू, मृगळ अगदी ठणठणीत होते; वजन पाहण्यासाठी म्हणून जाळे ओढले आणि त्यानंतर चार-सहा दिवसांत अंगावर लाल चट्टे उठलेले, शेपटी झडलेले, पोट फुगलेले मासे काठाला दिसू लागले. मग धावाधाव सुरू होते. कोणी औषधाच्या दुकानातून जनावरांचे प्रतिजैविक आणून खाद्यात कालवतो, कोणी पोत्याने चुना टाकतो. काही मासे वाचतात, बरेच जातात आणि 'पाण्यात रोग आला' असा निष्कर्ष निघतो.

वस्तुस्थिती अशी की रोगाचे जिवाणू पाण्यात नव्याने आलेले नसतात. एरोमोनास हायड्रोफिला हा कार्प माशांना सर्वाधिक सतावणारा जिवाणू आपल्या प्रत्येक तळ्यात, तळाच्या गाळात आणि निरोगी माशाच्या आतड्यातही कायम वस्तीला असतो. जाळे ओढण्यापूर्वीही तो तेथे होताच. त्या चार-सहा दिवसांत जो बदल झाला तो माशात झाला. मासा स्वतःचे संरक्षण कसे करतो हे एकदा नीट समजले, तर कोणते काम केव्हा करावे आणि कोणते टाळावे हे ठरविणे आपल्याला सोपे जाईल. म्हणून या लेखात औषधांपेक्षा माशाच्या शरीराचीच माहिती अधिक दिली आहे.

पहिला बांध : अंगावरील बुळबुळीत लेप

मासा हातातून निसटतो तो अंगावरील चिकट स्रावामुळे. हा स्राव केवळ पोहणे सुलभ व्हावे म्हणून नसतो. त्वचेतील विशिष्ट पेशी तो सतत तयार करतात आणि जुना थर पाण्यात वाहून जातो. त्यात अडकलेले जिवाणूही त्याबरोबर जातात. जिवाणूला माशाच्या अंगाला चिकटून बसायला उसंतच मिळत नाही.

याखेरीज या लेपात जिवाणूनाशक पदार्थ असतात. त्यांपैकी लायसोझाइम हे विकर आपल्या अश्रूंमध्ये आणि कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागातही असते. ते जिवाणूच्या बाह्य भिंतीचे बंध तोडते. त्याच्या जोडीला जिवाणूंना भोके पाडणारी लहान प्रथिने, त्यांना एकत्र चिकटवून टाकणारी प्रथिने आणि प्रतिद्रव्येही लेपात असतात.

आता एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. माशाचे खवले म्हणजे त्याचे सर्वांत बाहेरचे चिलखत, असा समज आहे. तो बरोबर नाही. खवल्यांच्या वर त्वचेचा एक अतिशय पातळ थर असतो आणि तो जिवंत पेशींचा असतो. आपल्या त्वचेच्या वरच्या बाजूला मृत, कडक पेशींचा थर असतो, तसा माशाला नसतो. त्यामुळे खरखरीत जाळ्यात मासा घासला किंवा कोरड्या हाताने पकडला, तर केवळ बुळबुळीतपणा जात नाही, जिवंत त्वचाच सोलली जाते. खवला निघाला म्हणजे तेथे उघडी जखम झाली असे समजावे.

गोड्या पाण्यात ही जखम दुहेरी नुकसान करते. माशाच्या रक्तात क्षारांचे प्रमाण साधारण पाऊण ते एक टक्का असते, तळ्याच्या पाण्यात ते त्यामानाने नगण्य असते. त्वचा फाटली की पाणी आत शिरू लागते आणि क्षार बाहेर जाऊ लागतात. मूत्रपिंडांना जादा पाणी उपसण्याचे काम पडते. बोटुकली तळ्यात सोडण्यापूर्वी २ ते ३ टक्के मिठाच्या द्रावणात, म्हणजे लिटरला २० ते ३० ग्रॅम मीठ घालून, दोन-तीन मिनिटे बुडविण्याची जी शिफारस केली जाते, तिचा उपयोग बाह्य परजीवी निघून जाण्यासाठी होतो आणि माशाचे मीठ काही अंशी टिकून राहते. बोटुकली अस्वस्थ होऊन आडवी पडू लागली की लगेच बाहेर काढावी, तीन मिनिटे पुरी होण्याची वाट पाहू नये.

कल्ले आणि आतडे

कल्ल्यांमध्ये रक्त आणि पाणी यांच्यामध्ये अगदी झिरझिरीत पडदा असतो. तो जाड असता तर प्राणवायू आत गेला नसता. श्वसनासाठी लागणारा हा नाजूकपणा जिवाणूंच्या पथ्यावर पडतो. पाण्यात अमोनिया वाढला किंवा गाळ ढवळला गेला की कल्ले सुजतात, त्यांवरील लेप बिघडतो आणि फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नारे यासारखे जिवाणू तेथे ठाण मांडतात. उन्हाळ्यात कल्ल्यांवर पिवळसर-करडे कुजलेले डाग दिसले तर या जिवाणूची शंका घ्यावी.

आतड्याच्या बाबतीत आपल्या माशांची एक अडचण आहे. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस या कार्प कुळातील माशांना जठरच नसते. आपल्या पोटात जे आम्ल असते आणि अन्नाबरोबर आलेले बहुसंख्य जिवाणू मारते, ते या माशांत तयार होत नाही. घास सरळ आतड्यात जातो. तेथे संरक्षणाची भिस्त आतड्याच्या स्रावावर, अस्तरातील पेशींवर आणि नेहमीच्या निरुपद्रवी जिवाणूंच्या दाट वस्तीवर असते. जागा आधीच व्यापलेली असल्यामुळे रोगकारक जिवाणूला पाय रोवता येत नाहीत. गरज नसताना प्रतिजैविक खाऊ घातले की हे रखवालदार आधी मरतात. कुजलेले खाद्य का घालू नये, याचे उत्तरही येथेच आहे.

दुसरी फळी : भक्षक पेशी आणि रसद तोडणे

लेप आणि त्वचा ओलांडून जिवाणू आत शिरला की काही तासांच्या आत दुसरी फळी उभी राहते. ही फळी शत्रू कोणता आहे हे पाहत बसत नाही. जिवाणूंच्या भिंतीवर काही ठरावीक रचना असतात, त्या ओळखून ती हल्ला करते.

रक्तातील पूरक प्रथिने जिवाणूच्या पृष्ठभागावर साखळीने जमतात आणि शेवटी त्याला भोक पाडतात. ज्यांना भोक पडत नाही त्यांच्या अंगावर ती खूण करून ठेवतात, जेणेकरून भक्षक पेशींना ते चटकन सापडावेत. माशांमध्ये ही पूरक प्रथिनांची यंत्रणा फार कार्यक्षम असते. ती थंड पाण्यातही बऱ्यापैकी चालते. ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे.

दुसरी युक्ती रसद तोडण्याची. जिवाणूला वाढण्यासाठी लोह लागते. माशाच्या रक्तातील ट्रान्सफेरिन हे प्रथिन मोकळे लोह घट्ट धरून ठेवते. आपल्या डोंगरी किल्ल्यांच्या मुलखात ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको! अर्थात एरोमोनासही कच्च्या गुरूचा चेला नाही. तो लोह ओढून घेणारे स्वतःचे पदार्थ सोडतो आणि एरोलायसिनसारखी विषे तयार करून माशाच्या पेशींनाच भोके पाडतो. लाल चट्टे दिसतात ते रक्तवाहिन्या आणि रक्तपेशी फुटल्यामुळे. मूत्रपिंड निकामी होऊ लागले की पोटात पाणी साचते, खवले उभे राहतात. यालाच आपण जलोदर म्हणतो.

भक्षक पेशी जिवाणूंना गिळतात आणि पोटात घेऊन मारतात. मारण्यासाठी त्या प्राणवायूपासून अत्यंत तीव्र रसायने तयार करतात. म्हणजे या पेशींच्या दारूगोळ्याला प्राणवायू लागतो. पाण्यातील विरघळलेला प्राणवायू ५ मि.ग्रॅ. प्रति लिटरच्या आसपास असावा असे आपण ऐकतो ते माशाचा जीव गुदमरू नये म्हणून. पण ३ मि.ग्रॅ.च्या खाली तो रोज पहाटे जात असेल, तर मासा मरत नसला तरी त्याच्या भक्षक पेशींचे बळ कमी पडते. पहाटे मासे तोंड वर काढून श्वास घेताना दिसतात आणि उन्हे आल्यावर खाली जातात, म्हणून 'काही झाले नाही' असे समजणारे शेतकरी पुढे रोगाला तोंड देतात.

तिसरी फळी : ओळख ठेवणारी, पण सावकाश चालणारी

तिसऱ्या फळीतील पांढऱ्या पेशी विशिष्ट जिवाणू ओळखून त्याच्यापुरतीच प्रतिद्रव्ये तयार करतात आणि त्याची काही काळ आठवण ठेवतात. गाई-म्हशींना आपण घटसर्पाची लस टोचतो ती याच तत्त्वावर. माशातील मुख्य प्रतिद्रव्य चार घटक एकत्र जोडलेले, आकाराने मोठे असते. २००५ साली माशांमध्ये आणखी एक वेगळे प्रतिद्रव्य सापडले आणि २०१० मध्ये ट्राउट माशावरील कामातून ते आतड्याच्या संरक्षणात विशेष भाग घेते असे दिसून आले. लेपातील आणि आतड्यातील संरक्षण रक्तातील संरक्षणापेक्षा काही अंशी स्वतंत्र आहे, असे यावरून म्हणता येते.

या फळीचा दोष म्हणजे वेळ. उबदार पाण्यातही प्रतिद्रव्ये पुरेशी तयार होण्यास दोन ते चार आठवडे लागतात. एरोमोनास अनुकूल परिस्थितीत तासाभराच्या आत दुप्पट होतो. पहिल्या दोन फळ्यांनी त्याला थोपवून धरले तरच तिसरी फळी उपयोगी पडते.

मासा थंड रक्ताचा असल्यामुळे या फळीची गती पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. सायप्रिनस माशावरील जुन्या प्रयोगांत सुमारे २५ अंश सेल्सिअसला चांगली प्रतिद्रव्ये तयार करणारे मासे १२ अंशाच्या पाण्यात ती जवळजवळ तयारच करीत नाहीत, असे आढळले. आपल्याकडे तळ्याचे पाणी इतके थंड क्वचितच होते. तथापि डिसेंबर-जानेवारीत उथळ तळ्यात तापमान २० अंशाच्या खाली उतरले की हीच मंदगती सुरू होते. १९८८ साली भारतात ईशान्येकडून शिरलेला आणि नंतर अनेक राज्यांत पसरलेला व्रण रोग थंडीच्या दिवसांतच का उफाळतो, याचे एक कारण हेच आहे. तो मुळात ॲफॅनोमायसेस या बुरशीसदृश जीवाचा रोग. थंडीत माशाची दाहक्रिया मंदावते, त्याचा तंतू मांसात खोल जातो आणि उघड्या जखमेतून एरोमोनास मागोमाग शिरतो. पुष्कळदा प्रत्यक्ष जीव घेणारा हा दुसराच असतो.

येथे थोडे विषयांतर करून एक मौजेची गोष्ट सांगतो. माशाला आपल्यासारखा ताप येत नाही, कारण शरीर स्वतः तापविण्याची सोय त्याच्याकडे नाही. परंतु प्रयोगात थंड-गरम पाण्याची निवड करण्याची मोकळीक दिली, तेव्हा जिवाणूबाधा झालेले मासे आपणहून अधिक उबदार पाण्यात जाऊन राहिले. म्हणजे ते ताप विकत घेतात म्हणा ना! तळ्यात काही भाग उथळ, काही खोल असेल तर माशाला ही निवड करता येते. सरळ उभ्या उताराच्या प्लॅस्टिक अस्तरित शेततळ्यात तिला फारसा वाव राहत नाही.

ताण : एकाच घरात शस्त्रागार आणि भोंगा

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे वळू. माशाच्या हाडांत रक्त तयार करणारा मगज नसतो. रक्तपेशी व प्रतिकारपेशी तयार करण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडाचा डोक्याकडील भाग करतो, प्लीहा त्याला मदत करते. याच अग्रभागात अशाही पेशी असतात ज्या मासा घाबरला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. शस्त्रागार आणि धोक्याचा भोंगा निसर्गाने एकाच घरात ठेवले आहेत.

कॉर्टिसॉल काही मिनिटांत वाढते. त्याचे काम शरीरातील शक्ती पळण्यासाठी मोकळी करणे. त्या वेळेपुरते ते उपयोगी आहे. परंतु त्याचबरोबर ते प्रतिकारपेशींचे काम आवरते घेते आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या घटते. कॉर्टिसॉल एक-दोन दिवसांत उतरले तरी प्रतिकारशक्ती पूर्ववत होण्यास त्याहून अधिक दिवस लागतात. जाळे ओढल्यानंतर चौथ्या-सहाव्या दिवशी रोग का दिसतो, ते आता स्पष्ट होईल. त्या दिवशी लेप पुसला गेला, खवले निघाले, गाळ ढवळून जिवाणू वर आले आणि नेमकी त्याच वेळी आतली फौज बराकीत पाठविली गेली. चारही गोष्टी आपल्याच हातून एका सकाळी घडतात.

म्हणून जाळे शक्य तितके कमी वेळा ओढावे. वजनाचा अंदाज घेण्यासाठी सगळे तळे पिंजून काढण्याची आवश्यकता नाही. खाद्य घालण्याच्या जागी पाग टाकून मिळालेल्या थोड्या माशांवरून तो घेता येतो. जाळे गाठी नसलेले, मऊ असावे. ते ओढण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. ढगाळ हवेत, किंवा पहाटे मासे वर येत असतील त्या दिवशी जाळे पाण्यात घालूच नये. मासे मोजून-तोलून परत सोडायचे असतील तर हात ओले करून धरावेत. दुसऱ्या गावचे जाळे भाड्याने आणत असाल तर ते धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळविल्याशिवाय आपल्या तळ्यात उतरू देऊ नये.

बियाणे आणतानाही हेच. पिशवी तळ्याच्या पाण्यावर १५-२० मिनिटे तरंगत ठेवून, तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घेऊन मगच बोटुकली सोडावी. आणि संख्या! 'थोडे मरतील' असे गृहीत धरून दीडपट बीज सोडण्याची पद्धत सर्वांत महाग पडते. दाटीमध्ये ताण एका सकाळीपुरता राहत नाही, तो बारमाही होतो.

खाद्य, पाणी आणि औषधे

माशाला क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही आणि जखम भरण्यासाठी व भक्षक पेशींच्या कामासाठी ते लागते. साठवणुकीत उष्णतेने व दमटपणाने ते लवकर नष्ट होते. पत्र्याच्या खोलीत चार-चार महिने पडलेले तयार खाद्य दिसायला जसेच्या तसे असले तरी या बाबतीत पोकळ झालेले असते. दोन महिन्यांत संपेल इतकेच आणावे. भुईमुगाच्या पेंडीबाबत अधिक सावध राहावे. बुरशी लागलेल्या पेंडीतील अफ्लाटॉक्सिनमुळे रोहू माशाची प्रतिकारशक्ती खालावते, असे आपल्या देशातील प्रयोगांत दिसून आले आहे. जनावराला नको म्हणून बाजूला काढलेली पेंड तळ्यात ढकलणे ही काटकसर नव्हे. त्याच रोहू माशांना यीस्टच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकान खाद्यातून दिले असता प्रतिकारशक्ती सुधारल्याचेही आढळले. तथापि हा पदार्थ चांगल्या पाण्याला पर्याय नाही, आणि विक्रेत्याच्या पत्रकावर जाऊन महागडे डबे घेण्यापूर्वी तोच पैसा हवा खेळविणाऱ्या यंत्रावर खर्च करावा, असे माझे मत आहे.

चुन्याविषयी एक सूचना. सामू तपासल्याशिवाय चुना टाकू नये. प्लॅस्टिक अस्तरित शेततळ्यात शेवाळ वाढले की दुपारी सामू ९ च्या पुढे जातो. सामू जितका अधिक, तितका पाण्यातील अमोनिया अधिक विषारी होतो. अशा वेळी टाकलेला कळीचा चुना कल्ले भाजण्यास मदत करतो. सामू साडेआठच्या वर असेल तर खाद्य कमी करणे आणि पाणी अंशतः बदलणे हाच उपाय.

प्रतिजैविकांबाबत सर्वसाधारण अनुभव असा की आजारी मासा सर्वप्रथम खाणे सोडतो. औषधी खाद्य निरोगी मासे खातात आणि ज्याला हवे त्याच्या पोटात ते जात नाही. उरलेले पाण्यात विरघळते आणि जिवाणू त्या औषधाला सरावतात. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील औषधांना तर मत्स्यसंवर्धनात बंदीच आहे. व्रण रोगाची लक्षणे असतील तर भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने विकसित केलेले सिफॅक्स हेक्टर-मीटर पाण्याला १ लिटर या प्रमाणात वापरता येते. हेक्टर-मीटर म्हणजे १० हजार घनमीटर. आपल्या तळ्यातील पाण्याची लांबी, रुंदी व सरासरी खोली मीटरमध्ये मोजून गुणाकार करावा, नजरेने अंदाज करू नये.

लसीचे काय, असा प्रश्न साहजिक आहे. नॉर्वेत १९८७ साली सामन माशांच्या शेतीत सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली गेली होती. प्रत्येक पिलाला लस टोचण्याची पद्धत रूढ झाल्यावर, उत्पादन कित्येक पटींनी वाढूनही, हा वापर अलीकडच्या वर्षांत एका टनाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आला. सामनच्या किमतीला एकेक पिलू हातात धरून टोचणे परवडते, रोहूच्या भावात ते बसत नाही. म्हणून आपल्याकडे नर-मादी प्रजनकांना लस देऊन मादीची प्रतिद्रव्ये अंड्यावाटे पिलांना मिळावीत या दिशेने भुवनेश्वरच्या संस्थेत काम झाले आहे. त्याचा फायदा प्रामुख्याने बीजोत्पादन केंद्रांना होईल. संगोपन तळ्यातील मोठ्या माशाला मात्र स्वतःच्या तीन फळ्यांवरच निभवावे लागते.

रोग दिसलाच तर मेलेले मासे त्याच दिवशी काढून चुना टाकून खोल पुरावेत, ओढ्यात फेकू नयेत. खाद्य निम्मे करावे, पाणी खेळते ठेवावे आणि निदान झाल्याशिवाय औषध विकत घेऊ नये. तपासणीसाठी मेलेला मासा नेऊन उपयोग नसतो, कारण मरणानंतर काही तासांतच आतड्यातील जिवाणू सगळ्या शरीरात पसरतात आणि खरा रोग कोणता हे कळत नाही. लक्षणे असलेले दोन-तीन जिवंत मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत, आणि वेगळ्या स्वच्छ बाटलीत तळ्याचे लिटरभर पाणी, असे दोन्ही नमुने सकाळी लवकर घेऊन जावेत. कोकणातील शेतकऱ्यांनी रत्नागिरीजवळ शिरगाव येथील आणि विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी नागपूर किंवा उदगीर येथील मत्स्य महाविद्यालयाशी संपर्क साधावा. सोबत शेवटचे जाळे कोणत्या तारखेला ओढले ते लिहून न्यावे. निदान करणारा पहिल्यांदा तेच विचारील.